शाल्मलीचा कागद

एलिशेबामावशींनी चष्मा पदराने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि माझ्या कागदावर बोट ठेवून उजवीकडून डावीकडे वाचायला सुरुवात केली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी समोर चटईवर बसले होते, एका हाताने मनवाचं झबलं धरून. मनवा तेव्हा आठ महिन्यांची होती आणि जमिनीवरची प्रत्येक वस्तू आपल्या तोंडात जाण्यासाठीच घडवलेली आहे, अशी तिची खात्री होती.

तिसऱ्या ओळीपाशी बोट थांबलं. मावशी गालातल्या गालात हसल्या. आणखी दोन ओळी पुढे गेल्यावर ते हसू मावळलं. अगदी तळाशी पोहोचल्यावर त्यांनी कागद अलगद मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"अक्षर सुंदर काढलंस. एक रेघ चुकलेली नाही. पण हेमांगी, ह्यात शाल्मली कुठाय?"

मला प्रश्नच कळला नाही.

"हे माझं लग्न आहे," मावशी म्हणाल्या.

शनिवारची दुपार होती. रविवारी सकाळी दहा वाजता शाल्मलीचा समारंभ होता, साठ माणसांना आमंत्रण गेलेलं होतं आणि त्या समारंभात ह्या कागदाखेरीज दुसरं काहीही नव्हतं.

शाल्मली माझी नणंद. तिला आणि मंदारला होम नको होता, अंतरपाट नको होता, मुहूर्त नको होता. शुक्रवारी नोंदणी कार्यालयात सह्या उरकल्या होत्या. तिथे मिळालेला दाखला असा होता की रेशनकार्डाशेजारी ठेवला तर कुठला कुठला ते ओळखू येऊ नये. हे सगळं ठरलं तेव्हाच सासूबाईंनी चार दिवस अन्न गोड लागत नसल्याचं जाहीर केलं आणि पाचव्या दिवशी एका अटीवर नमतं घेतलं. विधी नको तर नको, पण साठ माणसांपुढे काहीतरी होऊ दे. नुसतं जेवण घालायला हा काय वाढदिवस आहे का, असं त्या म्हणाल्या.

तेव्हा शाल्मलीला मावशींच्या भिंतीवरची चौकट आठवली. अलिबागच्या इस्राएल आळीत आमच्या घरापासून चौथं घर मावशींचं. ती लहानपणी त्यांच्याकडे गणिताच्या शिकवणीला जायची आणि गणित सोडून भिंतीकडे बघत बसायची. चौकटीत मावशींचा केतुबा होता, म्हणजे त्यांच्या ज्यू पद्धतीच्या लग्नाचा करारनामा. मध्ये हिब्रू मजकूर, भोवती वेलबुट्टी, वर दोन मासे तोंडाला तोंड लावून. वहिनी, तू चित्रकलेचं शिकलीस ना, मला तसला एक करून दे, असं शाल्मलीने माझ्या गळ्यात पडून सांगितलं. मंदार तो हातात धरून सगळ्यांसमोर चार शब्द बोलेल, मग भिंतीवर लावू. शिवाय त्यांच्या लग्नात असतो तसा वरून चांदवा धरू, मंदार पायाखाली पेला फोडेल.

मी होकार दिला. खरं सांगायचं तर मला घाई झाली होती. कॉलेजात अक्षरलेखनात माझा हात धरणारं कुणी नव्हतं आणि मनवा झाल्यापासून मी टाकाला हात लावला नव्हता. आठ महिन्यांत मी एकच काम केलं होतं, पाहणं. ती श्वास घेते का ते पाहणं, गिळते का ते पाहणं, पालथी पडते का ते पाहणं. तिला कुणाकडे सोपवून मी नळावरसुद्धा जात नव्हते. नवरा घ्यायला आला की मी दहा सूचना द्यायचे आणि अकरावी देता देता तिला परत घ्यायचे.

मी मावशींकडे केतुबा मागायला गेले. त्यांनी स्टूल घेऊन स्वतःच चौकट उतरवली. आमच्यात नवराबायकोने हा कागद घरात नसताना राहू नये असं आहे, त्या म्हणाल्या. पण आता हे नाहीत, तेव्हा ने. नऊ दिवस ठेव. लेकराच्या हाताला लागू देऊ नकोस.

नऊ दिवस मी तो कागद डोळ्यांत तेल घालून जपला. टेबलावर काच, काचेखाली दिवा, काचेवर केतुबा, त्यावर बटर पेपर. मनवा झोपली की बसायचं, कूस बदलली की उठायचं. मला हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं. माझ्या लेखी ती अक्षरं नव्हतीच, सुरेख काळ्या आकृत्या होत्या. त्या मी जशाच्या तशा उचलल्या. मनवाने कागद चाटला नाही, फाडला नाही, त्याच्यावर दूध सांडलं नाही. मी स्वतःवर खूश होते. शनिवारी दुपारी मूळ चौकट परत करायला आणि माझी करामत दाखवायला मी मावशींकडे आले, ती शाबासकीच्या अपेक्षेने.

आता मावशी मला माझाच कागद वाचून दाखवत होत्या. ही तारीख, सन अठ्ठावन्नची, अक्षरांत लिहिलेली. हे शिमशोन बेन अव्राहाम, म्हणजे आमचे हे. ही एलिशेबा बात मोशे, म्हणजे मी. इथे हे म्हणतात, मोशेच्या आणि इस्राएलच्या धर्माप्रमाणे तू माझी बायको हो, मी तुझ्यासाठी कष्ट करीन, तुझा मान राखीन, तुला अन्नवस्त्र देईन.

"उद्या मंदार हे साठ जणांपुढे हातात धरणार," त्या म्हणाल्या. "चांगला मुलगा आहे, माझी हरकत नाही. पण मी बाहत्तर वर्षांची आहे, त्याला आधी सांगायला हवं."

मी हसले नाही. मला हसू येत नव्हतं.

त्यांनी एका बारीक ठिपक्यावर नख टेकवलं. हे काय काढलंस, असं विचारलं. मी म्हटलं, अक्षरच असेल, मूळ कागदात होतं. ती कसर आहे, मावशी म्हणाल्या. किड्याने खाल्लेलं भोक. तू तेही शाईने भरून दिलंस.

मग त्यांचं बोट सगळ्यात खालच्या दोन वळणदार ओळींवर गेलं. त्या मला सर्वांत जास्त आवडल्या होत्या. शेवटची नक्षी समजून मी त्या जरा मोठ्याच काढल्या होत्या.

"ह्या सह्या आहेत, हेमांगी. हे आमच्या देवळातले हझ्झान, प्रार्थना चालवायचे. हे रेवदंड्याचे बेनयामिनशेठ, तेलाचा घाणा होता त्यांचा. दोघं साक्षीदार. वारले, वीस वर्षं झाली असतील. तू त्यांना पुन्हा सही करायला लावलीस."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. माझे कान तापले. मनवाच्या झबल्यावरची पकड कधी सुटली मला कळलं नाही. ती रांगत मावशींच्या पायाशी गेली आणि मावशींनी, न बघता, तिला केळ्याचा तुकडा दिला. एरवी मी तो आधी बोटांनी कुस्करला असता.

खोटं कशाला बोलू, एक विचार मनात येऊन गेला. साठ माणसांत हिब्रू वाचणारं कोण आहे? मासे सुरेख आहेत, वेल सुरेख आहे, मंदार काहीतरी गोड बोलेल, टाळ्या होतील. नऊ दिवसांचं काम होतं ते.

मावशींना माझा चेहरा गणितासारखा वाचता येत असावा. कुणाला कळणार नाही, त्या म्हणाल्या. मला सोडून. आणि मला तर पहिल्या रांगेत बसवणार आहात.

मी विचारलं, मग आम्ही ह्यातलं काही घेऊच नये का?

"असं कोण म्हणालं? मासे घे. वेल घे. ती आमच्या आधी कुणाकुणाची होती देव जाणे. चांदवा कशाला, तुमच्याकडे मांडव आहे. पेला फोडू नका. तो दोन हजार वर्षांपूर्वी आमचं देऊळ पडलं त्या दुःखाचा आहे, सुखाच्या दिवशी त्याची आठवण म्हणून. तुमचं कुठलं देऊळ पडलंय ते मला माहीत नाही. असेल तर फोडा. घ्यायचंच असेल तर खरं आहे ते घे. पोरगा काय करणार ते आधी लिहितो, चारचौघांत मोठ्याने वाचलं जातं आणि कागद पोरीच्या हातात जातो. तिचा असतो तो. नात्यात नसलेली दोन माणसं साक्षीला. एवढंच."

त्यांनी जन्मभर असे कागद उतरवून दिले होते, हे मला त्या दिवशी कळलं. वडील दुसऱ्या गावच्या देवळात हझ्झान, मुलीचं अक्षर वळणदार, तेव्हा पेणपासून मुरुडपर्यंत कुणाचं लग्न निघालं की मजकूर मावशी लिहीत.

मी घरी धावले. माझी एक सवय त्या दिवशी कामी आली. किनार मी नेहमी दोन कागदांवर रंगवते, हात चुकला तर एक हाताशी असावी म्हणून. मासे आणि वेल असलेला, मधून कोरा, असा दुसरा कागद कपाटात होता. मजकूर तेवढा हवा होता आणि तो माझ्याजवळ नव्हता. तो शाल्मली आणि मंदारजवळ होता.

शाल्मलीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, वहिनी, म्हणजे मी उद्या मावशींच्या नवऱ्याशी लग्न करणार होते. तिने मंदारला फोन लावला. तीन वाजता आम्ही सगळे मावशींच्या पडवीत होतो. श्रीरंग, माझा नवरा, मनवाला खांद्यावर घेऊन उभा होता.

"हिला किनाऱ्यावर नेतो," तो म्हणाला. "तू लिही."

मी टोपी म्हटलं, पाणी म्हटलं, वाळू तोंडात जाईल म्हटलं. तोपर्यंत तो फाटकाबाहेर होता.

मावशी शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रामाच्या दिवशी, पेन हातात धरत नाहीत, म्हणून कच्चं लिहायला मी बसले. मी काही सांगत नाहीये, नुसती बोलतेय, तू तुझ्या मनाने लिहितेस, असं त्यांनी आधीच स्पष्ट करून टाकलं आणि खुर्ची जरा भिंतीकडे वळवून घेतली.

मंदारने सुरुवात दणक्यात केली. नागावला त्याच्या आईवडिलांची घरगुती खानावळ होती, पर्यटकांशी गोड बोलायची सवय होती. साता जन्मांची सोबत, प्राणांहून प्रिय, सुखदुःखाच्या वाटेवर वगैरे. मी लिहीत गेले. मावशी भिंतीकडे तोंड करून ऐकत होत्या.

"जन्म मोजू नकोस," त्या म्हणाल्या. "सोमवारचं लिही."

मंदार म्हणाला, सोमवारी काय, सोमवारी काही नाही.

"तेच म्हणतेय. आमच्या ह्यांनी अन्नवस्त्र लिहिलं होतं. सोमवारी सकाळी कापडाच्या दुकानात कामाला गेले. तू सोमवारी काय करणार आहेस?"

मंदार शाल्मलीकडे पाहायला लागला आणि शाल्मली जमिनीकडे. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दोघांमध्ये काहीतरी आहे, जे आम्हाला ठाऊक नाही. वाट पाहण्याचा मला चांगलाच सराव होता. मी पेन्सिल खाली ठेवली.

शेवटी शाल्मलीनेच सांगितलं. रत्नागिरीला मत्स्यशास्त्राच्या पुढच्या शिक्षणाला तिला प्रवेश मिळाला होता. दोन वर्षं, जूनपासून. मंदारच्या आईला वाटत होतं की सुनेने ते खूळ सोडलंय आणि जूनपासून ती खानावळीचा हिशेब बघेल. दोघांनी ठरवलं होतं, लग्न होऊ दे, मग हळूच सांगू.

"हळूच म्हणजे कोण सांगणार होतं?" मावशींनी विचारलं.

मंदार उठला, पडवीच्या पायरीवर जाऊन पाठमोरा बसला. मला वाटलं, संपलं. उद्या मासे आणि वेल असलेला कोरा कागद साठ जणांपुढे धरायचा आणि तो माझ्यामुळे. मी माझी सुंदर चूक गुपचूप नेऊन टांगली असती तर हे लग्न हसतखेळत पार पडलं असतं. शाल्मली मात्र त्याच्या मागे गेली नाही. ती माझ्या कागदावरचे मासे निरखत बसली आणि मध्येच म्हणाली, वहिनी, हे मासे कुठल्याच जातीचे नाहीत, ह्यांना खवले आहेत पण पर एकच काढलाय. मी म्हटलं, मुळात तसेच होते. त्यावर मावशी वळून म्हणाल्या, माझ्या काकांनी काढलेत ते, पर आणि खवले दोन्ही आहेत, नीट बघ. दोन्हींतलं एक नसलं तरी तो मासा आम्हाला खायला चालत नाही.

पायरीवरून हसण्याचा आवाज आला. मंदार परत येऊन बसला. त्याचा चेहरा परीक्षेच्या दिवशी मुलांचा असतो तसा होता.

"लिहा वहिनी," तो म्हणाला. "आईला मी आज संध्याकाळीच सांगतो. उद्या कागदातून कळायला नको."

मी पक्कं लिहायला बसले तेव्हा पाच वाजले होते. मराठीत, माझ्या अक्षरात, प्रत्येक शब्द कळत असलेला. तीन तास मी मान वर केली नाही. मनवा जेवली का, झोपली का, मी विचारलंही नाही. ती वाळू खाऊन, अंघोळ करून, बापाच्या पोटावर झोपलेली होती, हे मला टाक धुताना दिसलं.

रविवारी सभागृहात सगळे जमले. मंदारची आई आली, ओठ घट्ट मिटून. तिने रात्री काही म्हटलं नव्हतं, हे मंदारने मला दारातच सांगितलं आणि तेच वाईट आहे असंही सांगितलं. माझ्या सासूबाई तिच्याशेजारी बसल्या. मावशी पहिल्या रांगेत, मोतिया रंगाची साडी, मनगटावर पर्स.

मंदारने कागद धरला.

"मी मंदार, शाल्मलीला सर्वांसमोर लिहून देतो. जूनपासून दोन वर्षं ती रत्नागिरीला शिकेल. तिच्या शिक्षणाच्या आड मी येणार नाही आणि कुणी आलं तर मध्ये मी उभा राहीन. दर आठवड्याच्या सुट्टीला मी तिच्याकडे जाईन, दमलेला असलो तरी."

खुर्च्यांवर चुळबुळ झाली. कुणीतरी मंदारच्या आईकडे वळून पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं. ती समोर बघत होती. शाल्मलीने कागदाचं दुसरं टोक धरलं.

"मी शाल्मली, मंदारला लिहून देते. शिकून मी परत येईन. जे वाटेल ते तोंडावर सांगेन, अबोला धरणार नाही. हा कागद माझ्याजवळ राहील."

टाळ्या लगेच झाल्या नाहीत. एक क्षण असा गेला की मला माझ्या हातातल्या मनवाचा श्वास ऐकू आला. मग मंदारची आई माझ्या सासूबाईंना म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हिला निदान कागदावर तरी मिळालं. माझ्या लग्नात मला कुणी काही लिहून दिलं नव्हतं." त्यात राग होता का, ते मी आजही सांगू शकणार नाही. पण टाळी पहिली तिनेच वाजवली.

साक्षीच्या सह्या राहिल्या होत्या. मंदारचे शाळेतले वर्तक सर पुढे आले, त्यांनी झोकात सही केली. दुसरी जागा मी मोकळी ठेवली होती. तिथे कोण, हे शाल्मलीने आदल्या दिवशी पडवीतच सांगितलं होतं आणि मावशी त्यावर "उद्या बघू" एवढंच म्हणून आत गेल्या होत्या. वय झालं, गुडघे दुखतात, चारचौघांत उभं राहायला नको वाटत असेल, अशी मी समजूत करून घेतली होती.

शाल्मली त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मावशी बसूनच राहिल्या.

"चाळीसेक केतुबा लिहिले मी," त्या म्हणाल्या, शाल्मलीला, पण मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. "माझ्या दोन्ही मुलांचेसुद्धा मीच. खाली सही करायला मला कधी कुणी बोलावलं नाही. आमच्यात बाईची साक्ष धरत नाहीत."

शाल्मली गोंधळली. तिला वाटलं आपण पुन्हा काहीतरी चुकीचं उचललं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग हळूच विचारलं, मग राहू दे का मावशी?

"हा तुमचा कागद आहे. तुमच्यात चालते ना बाईची सही?"

"चालते."

मावशी उठल्या. पर्समधून स्वतःचं पेन काढलं. जुनं, जाड निबचं, सकाळी शाई भरून आणलेलं. टेबलापाशी येऊन त्यांनी आधी अख्खा मजकूर पुन्हा वाचला, ह्या वेळी डावीकडून उजवीकडे, बोट ठेवून. तारीख तपासली. दोघांची नावं तपासली. साठ माणसं जेवणाची वाट बघत थांबली होती आणि त्यांना कसलीही घाई नव्हती. मग त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, एलिशेबा शिमशोन झिराडकर, शिकवणीतल्या फळ्यावर लिहायच्या तसं, सुटं सुटं. शाईवर फुंकर घातली. ती वाळेपर्यंत कुणाला कागदाला हात लावू दिला नाही आणि वाळल्यावर तो उचलून शाल्मलीच्या हातात दिला.

ह्याला सोळा वर्षं झाली. समारंभानंतर दोन वर्षांनी मावशी मुलांकडे इस्राएलमध्ये अश्दोदला गेल्या, जाताना त्यांचा केतुबा आणि माझी ती कसरीसकट केलेली नक्कल एकाच नळकांड्यात घालून घेऊन गेल्या. लिहिलेलं आम्ही टाकत नाही, म्हणाल्या. शाल्मलीचा कागद नागावला खानावळीच्या वरच्या खोलीत आहे. येणारी माणसं माशांचं कौतुक करतात आणि माझं नाव विचारतात. मनवा परवा तिथे गेली होती. तिने मासे पाहिलेच नाहीत. खाली वाकून ती दुसरी सही वाचली आणि म्हणाली, "आई, हे अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे."

मी म्हटलं, आहेच.